हिवाळ्यानंतर स्ट्रॉबेरी उठतच नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ही नोंद मिनेसोटासारख्या ठिकाणी अंगणात स्ट्रॉबेरी लावणाऱ्यांसाठी आहे, जिथे डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत जमीन दगडासारखी गोठलेली असते. ट्विन सिटीजमधल्या (मिनियापोलिस-सेंट पॉल) ओळखीच्या मराठी घरांतून दर वसंतात "जरा वाफा बघून जा ना" असं बोलावणं येतं. जाऊन बघते तर बिघाड बहुधा तोच असतो. शिकागो किंवा टोरांटोकडच्यांनी तारखा थोड्या मागेपुढे कराव्यात. तपासणीचा क्रम सगळीकडे एकच.

लक्षणं

खालची सगळी लक्षणं एकाच कारणाची नाहीत. त्यामुळे आपल्या वाफ्यात कोणतं दिसतंय ते आधी ठरवा.

बर्फ वितळल्यावर पानं तपकिरी आणि जमिनीला चिकटलेली दिसतात. हा बिघाडच नाही. मागच्या वर्षीची पानं जाणारच. मधला कोंब हिरवा असेल तर रोप जिवंत आहे.

रोप एप्रिलअखेरीला नीट फुटतं, पानं काढतं, कधी फुलावरही येतं आणि मे महिन्यातल्या पहिल्या गरम दिवसांत मान टाकतं. पाणी घालूनही उठत नाही. सर्वांत जास्त फसवणारं लक्षण हेच, कारण लोकांना वाटतं हिवाळा तर पार पडला, आता हा नवा रोग कुठला. रोग नसतो. दुखापत नोव्हेंबरातच झालेली असते.

रोप जमिनीतून इंच-दोन इंच वर उचकटलेलं असतं, मुळं उघडी पडलेली असतात.

पानं भरपूर, फुलं जवळजवळ नाहीत.

फुलं येतात, पण मधला पिवळा भाग काळा पडतो.

वाफ्याच्या एकाच कोपऱ्यातली रोपं जातात, बाकीची ठणठणीत असतात.

कुंड्यांतली सगळी जातात, जमिनीतली वाचतात.

नेमकं काय होतं

स्ट्रॉबेरीचा जीव क्राऊनमध्ये असतो. मुळांच्या वर, जमिनीच्या पातळीवर असलेलं ते आखूड, जाड खोड. जूनमध्ये एकदाच भरघोस फळणाऱ्या जातींत पुढच्या वर्षीच्या कळ्या याच खोडात आदल्या शरदात, दिवस लहान होत जातात तेव्हा तयार होतात. म्हणजे पुढच्या जूनची फळं सप्टेंबर-ऑक्टोबरातच आत बसलेली असतात आणि अख्खा हिवाळा त्यांना तिथेच काढायचा असतो. उघड्यावरचा क्राऊन उणे ९-१० सेल्सियसच्या, म्हणजे साधारण १५ फॅरनहाइटच्या आसपास दुखावायला लागतो. आमच्याकडे पारा उणे २५ च्याही खाली जातो, तरी आच्छादनाखालची रोपं जगतात, कारण काडाखाली आणि बर्फाखाली जमीन इतकी थंड होतच नाही.

माझ्या अनुभवात रोपं जानेवारीच्या कडाक्याने क्वचित मरतात. तोवर वर बर्फ साचलेला असतो. मरतात ती नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आधी अचानक पारा घसरतो तेव्हा. आणि मार्चमध्ये, दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठणं सुरू होतं तेव्हा. ओली माती गोठताना फुगते आणि रोपाला वर ढकलते. स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळं वरच्या १५ सेंटीमीटरात असतात, ती या उचलण्यात तुटतात.

म्हणून काड टाकायचं ते रोपाला ऊब द्यायला नाही. बर्फवाला लादीवर भुसा आणि गोणपाट टाकतो ना, तसं. गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी, मधेच वितळू नये, यासाठी ते पांघरूण. हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या बऱ्याच तपासण्यांचं कारण आपोआप कळतं.

पुण्या-साताऱ्याकडून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. महाबळेश्वर-पाचगणीला थंडी हाच स्ट्रॉबेरीचा हंगाम. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावायची, थंडीभर फळं तोडायची, उन्हाळ्यात वाफा मोकळा. वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसले की पेपरात फोटो येतो, पण तिथल्या रोपाला चार-पाच महिने गोठलेल्या जमिनीत काढायची वेळ कधी येत नाही. त्यामुळे तिकडच्या काकांनी फोनवर दिलेला "मल्चिंग पेपर अंथरा" हा सल्ला तिकडे बरोबर आणि इथे अपुरा. प्लास्टिकचा कागद तण दाबतो, ओल धरतो, पण उणे २० ला क्राऊनचा बचाव त्याने होत नाही. त्याच्यावरही काड लागतंच.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी थांबण्याची. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रोपं उपटून टाकू नका. मेलेली पानं कात्रीने कापा, बोटांनी मध्यभाग मोकळा करून बघा. घट्ट आणि फिकट हिरवा कोंब दिसला तर ठीक. मऊ, काळपट, बोटाखाली दबणारा असेल तर ते रोप गेलं. नक्की कळत नसेल तर मेच्या मध्यापर्यंत वाट बघा. बघायला गेलेल्या वाफ्यांत जिवंत रोपं कचऱ्याच्या पिशवीत भरलेली मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत.

रोपं उचकटलेली असतील तर माती कामाजोगी होताच ती हाताने परत दाबून बसवा आणि उघड्या मुळांवर माती ओढा. मुळं वाळण्याआधी हे झालं तर पुष्कळ रोपं वाचतात. क्राऊन मात्र गाडू नका. त्याचा वरचा अर्धा भाग मातीच्या वर दिसायला हवा, नाहीतर थंडीतून वाचलेलं रोप कुजून जाईल.

दुसरी तपासणी तारखेची, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक प्रकरणं इथेच उलगडतात. काड कधी टाकलं होतं? आठवत नसेल तर फोनमधले फोटो चाळा, कुठेतरी मागे वाफा दिसतोच. "हॅलोविनचे भोपळे काढले तेव्हाच टाकलं" (म्हणजे ऑक्टोबरअखेरीस) हे उत्तर आलं तर बहुधा लवकर झालं. "थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत टाकलं" (अमेरिकेतली, नोव्हेंबरअखेरची) असेल तर त्या वर्षी त्याआधी किती थंडी पडून गेली होती ते बघायला हवं.

लवकर टाकण्यात तोटा असा की रोपाला थंडीची सवय व्हायला काही आठवडे हळूहळू गार होत जाणारी हवा लागते. ऑक्टोबरच्या उबेत पांघरूण घातलं तर ते कोवळंच राहतं. वर ओलसर काडाखाली कुजही सुरू होते. उशीर झाला तर कारण सरळच आहे: एक उघडी रात्र उणे १० ची गेली की कळ्या आणि क्राऊन दोन्ही दुखावतात.

योग्य वेळ कॅलेंडरवर शोधू नका, मातीत शोधा. स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर १० सेंटीमीटर खोल खुपसा. सलग तीन दिवस माती ४-५ सेल्सियसच्या, म्हणजे ४० फॅरनहाइटच्या आसपास असेल, पानं मलूल होऊन जमिनीवर पसरली असतील, तर टाका. ट्विन सिटीजमध्ये हे बहुधा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जुळतं. पण अंदाजात त्याआधीच उणे ७ किंवा खालची रात्र दिसली तर थर्मामीटरची वाट न बघता संध्याकाळी टाकून मोकळे व्हा.

तिसरी तपासणी ड्राइव्हवेची. वाफा ड्राइव्हवेला लागून असेल तर बर्फ कुठे ढकलला जातो ते बघा. नुसता बर्फ उत्तम पांघरूण आहे, मिळेल तितका येऊ द्या. पण मीठ टाकलेल्या वाटेवरचा बर्फ वाफ्यावर आला तर वसंतात ते मीठ मुळांत उतरतं, आणि स्ट्रॉबेरीला खारेपणा अजिबात सोसत नाही. पानांच्या कडा करपलेल्या आणि नुकसान फक्त ड्राइव्हवेच्या बाजूला, असं दिसलं तर हाच संशय धरा.

थोड्या पैशांतल्या तपासण्या

काड किती आणि कसलं होतं? गव्हाचं, ओटचं किंवा रायचं कोरडं काड १० ते १५ सेंटीमीटर सैल पसरायचं. बसून ते सात-आठ सेंटीमीटर राहतं. दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेल्या गासड्यांतून लोक चुकून वाळलेलं गवत उचलतात. ते जनावरांचं खाणं. त्यात बिया असतात आणि पुढचा उन्हाळा तण उपटण्यात जातो. मेपलची गळलेली पानं फुकट मिळतात म्हणून टाकतात. ती ओली होऊन पापडासारखी एकमेकांना चिकटतात, हवा कोंडते, खाली रोप गुदमरतं. पाईनच्या सुया चालतात.

थर बरोबर होता पण वाऱ्याने उडाला, असंही होतं. वाफ्याच्या वायव्य बाजूचीच रोपं गेली असतील तर हे कारण आधी तपासा. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी किंवा झाडाच्या फांद्या वर टाकल्या की काम होतं. डिसेंबरात एकदा बाहेर जाऊन उघडी जागा दिसते का ते बघणं हा दहा मिनिटांचा उपाय, पण कोट-बूट चढवून तेवढ्यासाठी बाहेर पडायला कोणी तयार नसतं.

मग शरदातलं पाणी. सप्टेंबरात फळं नसतात म्हणून नळी गुंडाळून ठेवली जाते, आणि कळ्या बनतात त्या नेमक्या याच काळात. पाऊस नसेल तर जमीन गोठेपर्यंत आठवड्याला साधारण अडीच सेंटीमीटर पाणी द्यायला हवं. पानं भरपूर पण फुलं नाहीत, या तक्रारीत मी आधी पाणी विचारते आणि मग खत. सप्टेंबरनंतर लॉनला घालायचं नत्र वाफ्यातही पडलं असेल तर रोप थंडीच्या तोंडावर कोवळी वाढ काढतं. लॉनचं खत पसरणारं यंत्र वाफ्याच्या कडेने जातं तिथे हे नकळत होतं. नत्राचा मुख्य हप्ता फळं संपल्यावर जुलैत द्यायचा, हवा तर थोडासा ऑगस्टअखेर. तसंच, जून-फळाच्या जातींची पानं तोडणीनंतर लगेच कापून टाकायची पद्धत चांगली आहे, पण ऑगस्टच्या मध्यानंतर नाही. उशिरा कापली तर नवी पानं येऊन अन्न साठवायला वेळच उरत नाही.

कुंड्या

कुंडीतली मुळं चारी बाजूंनी थंडीला उघडी असतात. वर कितीही काड टाका, बाजूने काय करणार? पहिल्या कडक गारठ्यानंतर कुंड्या गरम न केलेल्या गॅरेजमध्ये हलवा, भिंतीला चिकटवून ठेवा आणि महिन्यातून एकदा, माती गोठलेली नसेल तेव्हा, थोडं पाणी द्या. गॅरेज नसेल तर कुंडीसकट काठापर्यंत जमिनीत पुरा आणि वरून काड घाला. घरात आणून खिडकीशी ठेवू नका. या रोपांना थंडी हवीच असते, फक्त माफक. हॉलमध्ये ठेवलेलं रोप जगलं तरी जूनमध्ये धड फळत नाही.

हीच गोष्ट उंच लाकडी पेटीची. कंबरेइतक्या उंच पेट्या पाठीला बऱ्या, पण हिवाळ्यात त्या मोठ्या कुंड्याच. पेटीच्या काठाजवळची रोपं गेली आणि मधली वाचली असतील तर कारण हेच. बाहेरून गासड्या रचून चौफेर बंदोबस्त करा.

जात तपासा

रोपासोबत आलेली चिठ्ठी शोधा. चँडलर, कॅमारोसा ही नावं महाबळेश्वरमुळे ओळखीची वाटतात म्हणून कोणी ऑनलाइन मागवतं. या कॅलिफोर्नियाच्या, सौम्य हिवाळ्याच्या जाती. मिनेसोटात त्या टिकाव्यात ही अपेक्षाच चुकीची. अल्बियनसारख्या उन्हाळाभर फळणाऱ्या जातींची फळं सुरेख, पण आमच्या थंडीत त्यांचा भरवसा नाही. एका हंगामाचं पीक म्हणून लावा, पुढच्या वर्षी उठल्या तर नफा. टिकायला हवं तर कॉर्नेलची हनिऑय, नोव्हा स्कोशियाची कॅव्हेंडिश, किंवा मिनेसोटा विद्यापीठाच्या कामातून आलेल्या विनोना आणि मेसाबी यांतून निवडा. तारीख, काड, पाणी सगळं बरोबर असूनही सलग दोन हिवाळे रोपं गेली असतील, तर जात बदलण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आता खणायचं

इथवर उत्तर मिळालं नाही तर एक आजारी रोप बळी द्या. अर्धमेलं निवडा. पूर्ण मेलेल्यात सगळंच तपकिरी असतं, काही कळत नाही. क्राऊन धारदार चाकूने उभा चिरा. आत पांढरट-मलईसारखा रंग असेल तर हिवाळ्याने काही केलेलं नाही, कारण दुसरीकडे शोधा. तपकिरी पट्टे किंवा डाग असतील तर थंडीची इजा आणि उत्तर वरच्या तारखेच्या तपासणीत. थोडाच भाग तपकिरी असलेली रोपं कधी कधी सावरतात. त्यांना त्या वर्षी फुलं खुडून, नियमित पाणी देऊन वेळ द्या.

मग मुळं धुवा. निरोगी रोपाची बारीक मुळं पांढरी आणि भरपूर असतात. काळी, ठिसूळ, बारीक तंतू झडलेली असतील तर मूळकूज. जाड मुळाची साल नखाने सोलून बघा: आतला गाभा विटकरी-लाल दिसला तर लाल गाभ्याचा रोग, जो पाणी साचणाऱ्या थंड जमिनीत येतो. मातीत इंग्रजी 'सी'सारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या सापडल्या तर हुमणी किंवा मुळं खाणाऱ्या भुंग्याच्या अळ्या. आणि क्राऊन कुरतडलेला, काडाखाली बोगद्यांसारख्या वाटा असतील तर व्होल, म्हणजे आखूड शेपटीचे शेतउंदीर. काडात त्यांना आयतं घर मिळतं. शरदात वाफ्याभोवतीचं गवत बुडापासून कापलं आणि काड लवकर टाकलं नाही तर उपद्रव कमी होतो.

एकाच कोपऱ्यातली रोपं जात असतील तर खणण्याऐवजी मार्चमध्ये नुसतं निरीक्षण करा. बर्फ वितळताना तिथे डबकं साचतं का, रात्री त्याचा बर्फाचा तवा होतो का? होत असेल तर काडाने काही होणार नाही, निचराच हवा. १५-२० सेंटीमीटर उंचीचा गादीवाफा करून नवीन रोपं लावणं हा घरच्या घरी जमणारा उपाय. त्याहून पुढचा उपाय म्हणजे चर खणून पाइप टाकणं.

काड काढताना

हिवाळा नीट काढलेली रोपं एप्रिल-मेमध्ये घालवता येतात. काडाखाली नवी पानं डोकावू लागली की, आमच्याकडे बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धात, काड ओळींमधल्या वाटेत ओढा. उशीर झाला की पानं पिवळी पडतात आणि पीक घटतं. पण काड फेकू नका. उमललेलं फूल उणे १-२ सेल्सियसलाही मरतं, आणि काळ्या मध्यभागाच्या फुलांचं कारण हेच असतं. ती फुलं फळ धरणार नाहीत, बाकीची धरतील. तशा रात्रीचा अंदाज असेल तर वाटेतलं काड किंवा जुनी चादर संध्याकाळी वर टाका, सकाळी काढा.

कुठे थांबायचं

लाल गाभा दिसला, किंवा टोमॅटो, बटाटा, वांगी जिथे पूर्वी लावली होती तिथेच स्ट्रॉबेरीची बाहेरची पानं उन्हाळ्यात एकेक करून सुकत असतील, तर थांबा. दुसरं लक्षण मर रोगाचं असू शकतं. दोन्ही बुरशीसारखे रोग जमिनीत वर्षानुवर्षं राहतात. अंदाजाने फवारणी करून पैसे वाया जातात आणि त्याच जागी नवी रोपं लावली तर तीही जातात. नमुना प्रयोगशाळेत द्या. मिनेसोटा विद्यापीठाचं वनस्पतिरोग चिकित्सालय आणि मातीपरीक्षण प्रयोगशाळा दोन्ही घरगुती बागांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात. इतर राज्यांत आपल्या काउंटीच्या एक्स्टेन्शन (विद्यापीठाच्या कृषी-विस्तार) कार्यालयात विचारा, कॅनडात प्रांताच्या कृषी मंत्रालयाकडे. साध्या शंकांसाठी एक्स्टेन्शनचे मास्टर गार्डनर स्वयंसेवक मोफत उत्तरं देतात आणि फोटोही बघतात.

निचऱ्यासाठी चर खणायचा असेल तर कुदळ उचलण्याआधी अमेरिकेत ८११ ला फोन करा. जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनींवर खुणा करून देतात, पैसे लागत नाहीत. चराचं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत किंवा घराच्या पायाकडे जाणार असेल तर ते काम निचऱ्याच्या कंत्राटदाराचं, आपलं नाही. घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर व्होलसाठी विषारी गोळ्याही स्वतः टाकू नका. सापळ्यांनी भागलं नाही तर कीटकनियंत्रणवाल्यांना बोलवा.

वाफा चार-पाच वर्षांचा झाला असेल आणि फळं लहान होत चालली असतील तर कोणालाच बोलवू नका. जुना वाफा मोडा, दुसऱ्या जागी प्रमाणित रोगमुक्त रोपं लावा.

नमुना पाठवताना मेलेलं रोप पाठवू नका, आजारी पण जिवंत असलेली दोन-तीन पाठवा, मुळं आणि थोड्या मातीसकट. मुळांभोवती प्लास्टिकची पिशवी बांधा, पानांवर पाणी शिंपडू नका, आणि सोमवारी किंवा मंगळवारी पोस्टात टाका. शुक्रवारी टाकलेलं खोकं शनिवार-रविवार गोदामात पडून राहतं आणि प्रयोगशाळेच्या हाती फक्त चिखल लागतो.